हजार कोटींची कंपनी आणि हजार कोटी मिळालेली कंपनी

ऑगस्ट २०२१ मध्ये माइंडटिकलला १० कोटी डॉलर मिळाले. पुण्यात सुरू झालेली ही कंपनी. पैसे घालणाऱ्यांत सॉफ्टबँक ही जपानी गुंतवणूक कंपनी पुढे होती आणि त्या व्यवहारात कंपनीची किंमत धरली गेली १२० कोटी डॉलर. तेव्हाच्या दराने पहिला आकडा साधारण साडेसातशे कोटी रुपये, दुसरा नऊ हजार कोटींच्या जवळपास. त्या आठवड्यात माझ्या फोनवर आलेल्या निम्म्या निरोपांत ‘पुण्याच्या पोरांनी नऊ हजार कोटी उभारले’ असं होतं. बारा पटींची चूक. भाजीवाल्याने बारा रुपयांच्या जागी एकशे चव्वेचाळीस मागितले तर आपण पिशवी तिथेच टाकून निघू. इथे मात्र टाळ्या.

मी स्टार्टअप कंपन्यांची कागदपत्रं सांभाळतो. शेअर कुणाला किती दिले, कोणत्या भावाने दिले, त्याचे फॉर्म कधी भरले, हे माझं रोजचं काम. त्यामुळे हा घोळ मला जरा जास्तच टोचतो.

कंपनीत पैसा येणं म्हणजे काय, ते सगळ्यांना माहीत आहे. कंपनी नवे शेअर काढते, गुंतवणूकदार घेतो, पैसे कंपनीच्या खात्यात जमा होतात. ते फेडायचे नसतात, व्याज नसतं. ती कमाईही नव्हे. ‘कंपनीने शंभर कोटी कमावले’ असं लिहिणाऱ्यांना मी आता काही म्हणत नाही, कारण आपलं सरकारही बरीच वर्षं तसंच समजत होतं. २०१२ साली आणलेल्या ‘एंजल टॅक्स’मध्ये, शेअरची जी ‘रास्त किंमत’ आयकर खात्याला मान्य असेल तिच्या वर मिळालेला पैसा कंपनीचं उत्पन्न धरून त्यावर कर लागायचा. कंपनीत घातलेलं भांडवल म्हणजे उत्पन्न! जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात तो एकदाचा रद्द झाला.

नव्या कंपन्यांत पैसे घालणारे दोन जातींचे, एंजल आणि व्हेंचर कॅपिटल. त्यांतला फरक एका ओळीचा: एंजल स्वतःचा पैसा घालतो, व्हेंचर फंड दुसऱ्यांचा. 

खरी गोची मूल्यांकनात, म्हणजे कंपनीची किंमत धरण्यात आहे. पुण्यात ती जास्त होते याला कारण आहे. पर्सिस्टंट आणि केपीआयटी या पुण्यातल्या दोन्ही सॉफ्टवेअर कंपन्या १९९० च्या. त्या पिढीत कंपनी केवढी मोठी, याचं उत्तर उलाढाल आणि माणसं या दोन आकड्यांत मिळायचं. हिंजवडीत इमारत किती मजल्यांची, बस किती लागतात, यावरून शेजारीही अंदाज बांधायचे. मग ड्रुवा (२००८) आणि आयसर्टिस (२००९) या सॉफ्टवेअर कंपन्या आणि लहान मुलांच्या वस्तू विकणारी फर्स्टक्राय (२०१०) आल्या. पहिल्या दोघींचं मूल्यांकन २०१९ मध्ये अब्ज डॉलरच्या पुढे गेलं आणि अशा कंपनीसाठीचा ‘युनिकॉर्न’ हा शब्द पुण्यातल्या मराठी घरांत शिरला. (दोघींची मुख्यालयं अमेरिकेत आहेत, पण आपला माणूस दिसला की कंपनी आपली.) मोजपट्टी बदलली हे कुणी सांगितलं नाही. लोक नवा आकडा जुन्या पट्टीने वाचू लागले.

मूल्यांकन निघतं कसं ते आधी बघू. कंपनीचे १० लाख शेअर आहेत. गुंतवणूकदार २० कोटी घालतो आणि त्या बदल्यात पाचवा हिस्सा मागतो. म्हणजे कंपनीला अडीच लाख नवे शेअर काढावे लागतात आणि शेअरचा भाव पडतो ८०० रुपये. आता सगळे साडेबारा लाख शेअर गुणिले ८०० बरोबर १०० कोटी. झाली ‘शंभर कोटींची कंपनी’. खात्यात आले २० कोटी. उरलेले ८० कोटी कुणी कुणाला दिलेले नाहीत, ते कुठल्याच बँकेत नाहीत. ते फक्त गुणाकारात आहेत.

इथपर्यंत बहुतेकांना कळतं, आणि कळलं की लोक निर्धास्त होतात. ‘हो हो, कागदावरची किंमत, आमच्या फ्लॅटसारखीच.’ पुढची चूक इथून सुरू होते, कारण ती फ्लॅटसारखी नाही.

कोथरूडमधली चाळीस फ्लॅटची जुनी सोसायटी घ्या. एक फ्लॅट सव्वा कोटीला गेला. सोसायटीचे अध्यक्ष जिना उतरता उतरता हिशेब करतात: चाळीस गुणिले सव्वा, आपली इमारत पन्नास कोटींची. थोडा फुगलेला असला तरी हा हिशेब चालतो, कारण चाळीसही फ्लॅट सारखे. पण समजा, त्या खरेदीदाराच्या करारात एक कलम आहे: उद्या सगळी इमारत बिल्डरला विकली तर येणाऱ्या पैशांतून आधी माझे सव्वा कोटी बाजूला काढायचे, मग उरलेले बाकीच्यांनी वाटून घ्यायचे. असं कलम मिळत असेल तर मीही दोन पैसे जास्त देईन. मग सव्वा कोटी ही फ्लॅटची किंमत राहिली का? ती फ्लॅट अधिक कलमाची किंमत झाली. बाकीच्या एकोणचाळीस जणांकडे ते कलम नाही. उलट त्यांच्याच खिशातून ते पाळलं जाणार आहे. तरीही गुणाकार चाळीसनेच.

व्हेंचरचा पैसा जवळजवळ नेहमी असाच येतो. संस्थापकांकडे आणि कर्मचाऱ्यांकडे असतात साधे इक्विटी शेअर. गुंतवणूकदार घेतो सीसीपीएस, म्हणजे पुढे इक्विटीत रूपांतर होणारे प्रेफरन्स शेअर, आणि त्यांना चिकटलेलं असतं लिक्विडेशन प्रेफरन्स. नाव बोजड आहे, अर्थ वरच्या कलमाचाच. नावातल्या ‘लिक्विडेशन’वरून लोकांना वाटतं की हे कंपनी बुडाली तरच लागू. नाही. करारात सहसा कंपनी विकली जाणं हेही त्यातच धरलेलं असतं, आणि खरा उपयोग तिथेच होतो.

आपली शंभर कोटींची कंपनी तीन वर्षांनी ३० कोटींना विकली गेली असं धरू. गुंतवणूकदारापुढे दोन वाटा: पाचवा हिस्सा घेऊन ६ कोटी, नाहीतर आपले घातलेले २० कोटी आधी उचलायचे. तो २० उचलतो. राहिले १०, ते दहा लाख शेअरांत वाटायचे. शेअरमागे १०० रुपये. ज्याला आपला शेअर ८०० चा वाटत होता त्याच्या हातात आठवा भाग. आणि करार ‘पार्टिसिपेटिंग’ जातीचा असेल तर गुंतवणूकदार २० घेऊन वर उरलेल्या दहातलाही पाचवा हिस्सा नेतो. त्याचे झाले २२, बाकी सगळ्यांना मिळून ८. हा दुसरा प्रकार मला अजिबात पसंत नाही आणि मी प्रत्येक संस्थापकाला तसं सांगतो. ऐकतात थोडे, कारण तोवर बातमी कशी द्यायची यावर चर्चा सुरू झालेली असते.

एकाच कंपनीत एकाच दिवशी ८०० चा शेअर आणि १०० चा शेअर शेजारी शेजारी बसलेले असतात. कंपनी धो धो चालली तर फरक दिसत नाही. आपल्या उदाहरणात, करार ‘पार्टिसिपेटिंग’ नसेल तर, शंभर कोटींच्या वर विकली गेली की गुंतवणूकदारालाही हिस्सा घेणंच परवडतं आणि सगळे एका रांगेत येतात. फरक दिसतो तो मधल्या निकालात, आणि बहुतेक निकाल मधलेच असतात. त्यात पैसे उभारण्याच्या एकापाठोपाठ एक चार-पाच फेऱ्या झाल्या की प्रत्येक नव्या पाहुण्याचं कलम आधीच्यांच्या बरोबरीने, नाहीतर त्यांच्याही आधी. सगळ्यात शेवटच्या पंगतीला कोण, हे सांगायला नको.

म्हणून मूल्यांकन वाढलं तर अटी विचारा. संस्थापकाला बातमीत मोठा आकडा हवा असेल तर गुंतवणूकदार तो आनंदाने देतो आणि कलम कडक करून घेतो. १०० कोटींचं साधं मूल्यांकन आणि १५० कोटींचं, पण घातलेल्याच्या दुप्पट आधी उचलायच्या अटीचं, यांत मी डोळे मिटून पहिलं घेईन.

प्री-मनी आणि पोस्ट-मनीवर लोक उगाच डोकं शिणवतात. पैसे येण्याआधीची किंमत ८०, आल्यावरची १००, वजाबाकी केली की झालं. एक खोच तेवढी आहे: कर्मचाऱ्यांसाठी राखून ठेवायचे शेअर, म्हणजे ईसॉपचा साठा, गुंतवणूकदार बहुधा पैसे येण्याच्या आधीच्या बाजूलाच काढायला लावतो. आपल्या दहा लाखांतले सव्वा लाख त्यात गेले तर संस्थापकांच्या वाट्याचे ८० कोटी नसून ७०.

शेअर बाजारात आल्यावर मात्र हे सगळं सरळ होतं. तिथे प्रेफरन्स शेअरांचं आधी इक्विटीत रूपांतर करावं लागतं, म्हणून सगळे शेअर एका जातीचे, आणि गुणाकाराला अर्थ येतो. अर्थ येतो म्हणजे आकडा स्थिर राहतो असं नव्हे. फर्स्टक्रायने ऑगस्ट २०२४ मध्ये ४६५ रुपयांनी शेअर विकले, १३ तारखेला राष्ट्रीय शेअर बाजारात ते ६५१ ला उघडले, आणि पुढच्या वर्षी भाव ४६५ च्याही खाली आला. कंपनीच्या खात्यातला एक रुपयाही या चढउताराने हलला नाही.

त्याच विक्रीत आपला मूळ घोळ नव्या कपड्यांत भेटतो. विक्री झाली सुमारे ४,१९४ कोटींची. बातम्यांत ‘कंपनीने ४,१९४ कोटी उभारले’. कंपनीला मिळाले १,६६६ कोटी, कारण नवे शेअर तेवढेच होते. बाकीचा भाग ऑफर फॉर सेल, म्हणजे जुन्या भागधारकांनी आपले शेअर विकले आणि पैसे त्यांच्या खिशात गेले. सॉफ्टबँक त्यांत होती. रतन टाटांनीही २०१६ च्या सुमारास साधारण ६६ लाखांना घेतलेले आपले ७७,९०० शेअर त्यात विक्रीला काढले होते. यात गैर काही नाही, शेवटी गुंतवणूकदार बाहेर पडण्यासाठीच आत येतो. पण दोन्ही रकमा एकाच टोपलीत घालून ‘कंपनीला मिळाले’ म्हणू नये. खासगी फेऱ्यांतही असं होतं: जाहीर झालेल्या रकमेत काही भाग जुन्या भागधारकांकडून घेतलेल्या शेअरांचा असतो, काही पुढच्या हप्त्यांचा, आणि ते हप्ते ठरलेलं काम झालं तरच येतात.

हा फरक सगळ्यात महागात पडतो तो नोकरी बदलणाऱ्याला. महिन्याला चाळीस हजार कमी घे, त्या बदल्यात अमुक लाखांचे ईसॉप, म्हणजे पुढे ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचे हक्क (ऑप्शन), असा प्रस्ताव येतो. ते अमुक लाख काढलेले असतात शेवटच्या फेरीच्या भावाने, म्हणजे कलमवाल्या शेअरच्या भावाने. तुम्हाला मिळणार बिनकलमाचा. गंमत अशी की ईसॉप वापरून शेअर घेताना कर लावण्यासाठी शेअर बाजारात नसलेल्या कंपनीला मर्चंट बँकर या बाहेरच्या वित्तसंस्थेकडून वेगळी किंमत काढून घ्यावी लागते, आणि तो आकडा बातमीतल्या आकड्याशी जुळेलच असं नाही. शेअर विकलेला नसतानाही तो कर भरावा लागतो. माझ्या ओळखीतल्या एका मुलीने नोकरी सोडताना हा कर भरायला भावाकडून पैसे घेतले. कंपनी कोणती ते जाऊ दे. आजही त्या शेअरांना गिऱ्हाईक नाही, आणि लग्नाच्या बोलण्यात मात्र ‘मुलीकडे स्टार्टअपचे पंचवीस लाखांचे शेअर आहेत’ असं तिचे काका सांगतात.

एचआरला तीन गोष्टी विचारा: सगळे ऑप्शन धरून कंपनीचे एकूण शेअर किती, आधी उचलायच्या रकमेची बेरीज किती, आणि नोकरी सोडल्यावर शेअर घ्यायला मुदत किती. नुसता ‘तुला पाच हजार ऑप्शन’ हा आकडा निरर्थक आहे. पाच हजार कशातले? पन्नास हजारांतले की पाच कोटींतले?

‘ही माहिती गोपनीय आहे’ असं उत्तर आलं तर वाद घालू नका. कंपनी भारतात नोंदलेली असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शंभर रुपये भरून तिची कागदपत्रं बघता येतात. पीएएस-३ या फॉर्ममध्ये कोणत्या तारखेला, कोणत्या जातीचे, किती शेअर, कोणत्या भावाने दिले ते असतं. आणि आर्टिकल्स ऑफ असोसिएशन, म्हणजे कंपनीची नियमावली, उघडा. शंभर-दीडशे पानं असतात, पहिली पन्नास व्याख्यांतच जातात, ती सोडा. गुंतवणूकदारांशी झालेल्या कराराच्या अटी बहुधा त्यातच उतरवलेल्या असतात. लिक्विडेशन प्रेफरन्सचं कलम शोधा आणि ‘पार्टिसिपेटिंग’च्या आधी ‘नॉन’ आहे का, ते बघा.