आठवा सर्व्हर

१ ऑगस्ट २०१२. सकाळी साडेनऊला न्यूयॉर्कचा शेअर बाजार उघडला आणि नाइट कॅपिटल या दलाली कंपनीचे कॉम्प्युटर भरमसाट खरेदी-विक्री करत सुटले. पाऊण तासात १५४ वेगवेगळ्या शेअरांचे ४० लाखांवर सौदे झाले. कंपनीला ४६ कोटी डॉलरहून जास्त फटका बसला.

कुणी हॅक केलं नव्हतं. नवा प्रोग्राम आठ सर्व्हरांवर चढवायचा होता, तो सातांवरच चढला. आठव्यावर जुना राहिला, आणि त्या जुन्यात २००३ पासून वापरात नसलेला कोडचा एक तुकडा तसाच पडून होता. नव्या प्रोग्रामनं ज्या खुणेला नवा अर्थ दिला होता, तीच खूण त्या तुकड्याला ‘सुरू हो’ म्हणून सांगायची. गोंधळ उडाल्यावर लोकांनी सात चांगल्या सर्व्हरांवरचा नवा प्रोग्राम काढून टाकला, त्यामुळे आता आठही तसंच वागू लागले. अमेरिकेच्या बाजार नियामकानं २०१३ साली काढलेल्या आदेशात हा सगळा घटनाक्रम आहे. आठही सर्व्हर दुसऱ्या कुणीतरी तपासावेत असा लेखी नियमच कंपनीत नव्हता, हेही त्यात आहे.

ही हकिकत सांगितली की हमखास उत्तर येतं, ‘तेव्हा माणसं हातानं कॉपी करायची. आता सगळं क्लाउडवर असतं, एकदा टाकलं की सगळीकडे आपोआप जातं.’ हा समज मला इतक्या वेळा भेटला आहे की शेवटी हा लेख लिहायला बसलो. आपोआप जातं हे खरंच आहे. पण कधी जातं?

हे मी बॅच पद्धतीनं काम करणाऱ्या एका क्लाउड सेवेच्या उदाहरणानं सांगतो. आधी बॅच म्हणजे काय ते पाहू. मराठीत याला चपखल शब्द आहे, घाणा. चकल्यांचा एक घाणा निघाला की दुसरा सोडायचा. कॉम्प्युटरसमोर बसून बटणं दाबायची नाहीत, कामांचा गठ्ठा द्यायचा आणि निकाल घ्यायला यायचं. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा मोठा कॉम्प्युटर आला, तेव्हा शास्त्रज्ञ छिद्रं पाडलेल्या कार्डांचे गठ्ठे देऊन जायचे. आज गठ्ठा इंटरनेटवरून जातो, एवढाच फरक.

दीड तासाचा ॲनिमेशनपट घ्या. सेकंदाला २४ चित्रं, म्हणजे एकूण १,२९,६०० चित्रं. एक चित्र काढायला कॉम्प्युटरला अर्धा तास लागला, तर एकट्या मशीनला सात वर्षांहून जास्त काळ लागेल. हजार मशीन भाड्यानं घेतली तर तेच काम ६५ तासांत उरकतं. मायक्रोसॉफ्टची अ‍ॅझ्युर बॅच ही सेवा नेमकं हेच करते. मशीनच्या ताफ्याला तिथे पूल म्हणतात, एकेका मशीनला नोड, आणि एकेका कामाला टास्क. ही मशीन फार लांब असतात असंही नाही. अ‍ॅझ्युरचा ‘सेंट्रल इंडिया’ नावाचा विभाग म्हणजे २०१५ साली सुरू झालेलं पुण्यातलं डेटा सेंटर.

भाड्यानं आलेला नोड रिकामा असतो. त्यावर चित्रं काढणारा प्रोग्राम, समजा ब्लेंडर, कुणीतरी चढवायला हवा. त्यासाठी प्रोग्रामचं सगळं फोल्डर एका झिप फाइलमध्ये बांधायचं, तिला नाव आणि आवृत्ती द्यायची आणि सेवेकडे ठेवायची. हे झालं अ‍ॅप्लिकेशन पॅकेज. पूलला सांगायचं, ‘ब्लेंडरची अमुक आवृत्ती हवी.’ नोड पूलमध्ये दाखल झाला की झिप स्वतःच उतरवून उलगडतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. नोड पॅकेज उतरवतो ते फक्त पूलमध्ये दाखल होताना, रीस्टार्ट होताना किंवा पुसून नव्यानं उभा केला जाताना. तुम्ही दुपारी पूलला सांगितलंत की आता नवी आवृत्ती वापर, तर त्यानंतर येणारे नोड नवी घेतील आणि सकाळपासून राबणारे जुनीच चालवत राहतील. ताफा कामाप्रमाणे आपोआप लहानमोठा होत असेल तर जुने-नवे नोड शेजारीशेजारी चालणार, हे ठरलेलंच. दोन आवृत्त्यांचं सावलीचं गणित जरा जरी वेगळं असलं, तरी पडद्यावर एकाच प्रसंगात सावल्या लुकलुकतील. म्हणजे आठवा सर्व्हर इथेही आहे. फरक इतकाच की इथे तो कुणाच्या विसरण्यामुळे येत नाही, व्यवस्थेच्या नियमातूनच येतो.

(‘बंद करून चालू केलं की सुटतं’ हा तोडगा अनेकांना अंगाऱ्यासारखा वाटतो. इथे मात्र त्यामागे स्पष्ट कारण आहे. पॅकेज नीट उतरलं नाही तर सेवा त्या नोडला निकामी ठरवते आणि काम देत नाही. रीस्टार्ट केला की तो पॅकेज पुन्हा उतरवायला घेतो.)

यावर उपाय असा की आवृत्ती पूलला सांगायचीच नाही, टास्कला सांगायची. प्रत्येक टास्क ‘मला हीच आवृत्ती हवी’ असं बरोबर घेऊन येतं. नोडवर ती नसेल तर काम सुरू होण्याआधी उतरते, असेल तर आहे तीच वापरली जाते. एका नोडवर दोन आवृत्त्या सुखानं नांदू शकतात, कारण प्रत्येकीचं फोल्डर वेगळं असतं आणि त्याचा पत्ता टास्कला मिळतो. ‘डिफॉल्ट’ आवृत्तीची, म्हणजे काही न सांगितल्यास वापरायच्या आवृत्तीची, सोय आहे, पण मी ती कधीच वापरत नाही. डिफॉल्ट म्हणजे आज एक आणि उद्या दुसरं.

पण आवृत्तीचं नाव कोण देणार? माणसानं दिलं की ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘फायनल नवीन’ अशी रांग लागते. त्याहून वाईट म्हणजे जुन्याच नावाखाली नवा माल ठेवला जातो. इथे माझा सर्वांत आवडता भाग येतो: नाव मालातूनच काढायचं.

त्यासाठी एसएचए-२५६ नावाचं गणित आहे. अमेरिकेच्या मानक संस्थेनं ते २००२ साली प्रमाण म्हणून स्वीकारलं. कितीही मोठी फाइल द्या, त्यातून २५६ बिटांचा (बिट म्हणजे ० किंवा १), म्हणजे सोळा चिन्हांच्या अंकपद्धतीत लिहिला तर ६४ अक्षरांचा ठसा निघतो. तीच फाइल, तोच ठसा. फाइलमधला एखादा स्वल्पविराम बदलला तरी साधारण निम्मे बिट उलटतात. सगळे संभाव्य ठसे मोजायचे तर ७८ अंकी संख्या लिहावी लागेल, म्हणून दोन वेगळ्या फाइलींचा ठसा योगायोगानं जुळण्याची भीती बाळगायचं कारण नाही. ठशाची पहिली १२ अक्षरं घेतली तरी २८१ लाख कोटी नावं होतात. ती १२ अक्षरं हीच आवृत्ती. मग पॅकेज चढवणाऱ्या स्क्रिप्टनं, म्हणजे छोट्या प्रोग्रामनं, एकच प्रश्न विचारायचा: या नावाचं पॅकेज आधीच तिथे आहे का? असेल तर काही करायचं नाही, नसेल तर चढवायचं. आणि एका नावाखालचं पॅकेज बदलण्याची मुभा बंद ठेवायची, तशी सोय सेवेत आहे.

मी अशी स्क्रिप्ट पहिल्यांदा लिहिली तेव्हा ती रोज रात्री नवं पॅकेज चढवू लागली. कोडमध्ये एक अक्षर बदललेलं नव्हतं. दोन दिवस शोधल्यावर कळलं की झिप फाइल आतल्या प्रत्येक फाइलची तारीख-वेळ जपून ठेवते. ही पद्धत मायक्रोसॉफ्टच्या जुन्या एमएस-डॉसच्या काळातली आहे: वर्षासाठी ७ बिट, मोजणी १९८० पासून, म्हणजे २१०७ पर्यंतच पुरणारी, आणि सेकंदासाठी ५ बिट, म्हणून वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यानं. रोज रात्री फाइली नव्यानं तयार होत, घड्याळ पुढे गेलेलं असे, झिपमधले चार-दोन बिट बदलत आणि ठसा पार वेगळा निघे. शिवाय फाइली कोणत्या क्रमानं बांधल्या यावरही झिप बदलते. फाइली दाबून लहान करणाऱ्या लायब्ररीची, म्हणजे त्यासाठी वापरलेल्या तयार कोडची, आवृत्ती बदलली तरी बदलते.

म्हणून झिपचा ठसा घ्यायचाच नाही. आतल्या फाइली नावानुसार क्रमानं लावायच्या, प्रत्येकीचं नाव, ती चालवण्याची परवानगी आहे की नाही ही खूण आणि मजकुराचा ठसा एका यादीत लिहायचा, आणि त्या यादीचा ठसा घ्यायचा. घड्याळ आपसूक बाहेर पडतं. काही कंपायलर, म्हणजे लिहिलेल्या कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवणारी साधनं, प्रोग्रामच्या पोटातच तयार झाल्याची वेळ कोरून ठेवतात, तिथे मात्र तेवढ्यानं भागत नाही, ती वेळ आधी गोठवावी लागते. डेबियन लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमच्या लोकांनी २०१३ पासून हा प्रश्न हजारो पॅकेजांसाठी चिकाटीनं सोडवला आहे. मला ते आपल्या काळातल्या मोठ्या कामांपैकी एक वाटतं.

आमच्या क्षेत्रात एक सोवळं पाळतात, शुक्रवारी नवं काही चढवायचं नाही. शनिवारी नखं कापू नयेत, तसंच. शनिवार-रविवारी दुरुस्तीला माणूस नसतो, एवढं त्यातलं तथ्य आहे. पण एखादं काम वाराला घाबरून करावं लागत असेल, तर वार पाहण्यापेक्षा ते काम पाहावं. हल्ली यावर ‘आता एआय सगळं सांभाळेल’ असंही ऐकू येतं. इथे लागणारी स्क्रिप्ट शंभर-दोनशे ओळींची असते, आणि प्रत्येक ओळ काय करते ते बोट ठेवून दाखवता येतं.

राहिली साफसफाई. एका अ‍ॅप्लिकेशनची ४० पॅकेजं ठेवता येतात. कोड रोज बदलत असेल तर दीड महिन्याच्या आतच कोटा भरतो, म्हणून जुनी काढणंही स्क्रिप्टवरच सोपवावं लागतं. वयानुसार काढायला गेलं तर घात होतो. एखादं टास्क १८० दिवसांपर्यंत चालू राहू शकतं, म्हणजे १ फेब्रुवारीला सुरू झालेलं ३१ जुलैपर्यंत. मधेच त्याचा नोड बंद पडला आणि ते दुसऱ्या नोडवर गेलं, तर तिथे त्याला फेब्रुवारीतलंच पॅकेज लागणार. म्हणून स्क्रिप्टनं आधी सगळ्या पूलांना आणि न संपलेल्या सगळ्या टास्कना विचारायचं की या बारा अक्षरांचं नाव कुणी धरून आहे का, आणि कुणीच नसेल तरच ते पॅकेज पुसायचं.