‘लागली का कुठे?’ : खानदेशातल्या नोकरीच्या वाटा

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या घराघरांत मुलांना मिळणारा नोकरीचा सल्ला कोरोनानंतर एकदम निरुपयोगी वाटू लागला. खरं तर तो मोडायला आधीच सुरुवात झाली होती. ती कशी, हे पाहिल्याशिवाय आज बी.ई. होऊन घरी बसलेल्या मुलाला काही सांगणं त्याच्यावर अन्याय करणारं आहे.

महिन्याच्या पगाराची नोकरी इकडे आली ती रेल्वे आणि कापडगिरण्यांबरोबर. भुसावळला रेल्वे, जळगाव, अमळनेर, धुळे, चाळीसगावला गिरण्या. पुढे भुसावळ आणि वरणगावला आयुध निर्माणी आल्या. गिरणीत शिरायचं तर आतल्या माणसाने शब्द टाकायचा, एवढंच. गिरण्या एकेक करून थंडावल्या, तशी माणसं ताप्ती व्हॅली रेल्वेच्या मार्गाने सुरतेला निघाली. सुरतेच्या उधना, लिंबायत या भागांत गाववाला आधीच खोली घेऊन राहिलेला असे. तो लूमवर (यंत्रमागावर) किंवा डाईंग-प्रिंटिंगमध्ये चिकटवून देई. पहिला पगार होईपर्यंत जेवणही त्याच्याकडेच. अर्जाचा कागद नाही, मुलाखत नाही. ही वाट आजही चालू आहे आणि तिला कमी लेखणं मला पटत नाही.

शिकलेल्यांसाठी दुसरी वाट होती : एम्प्लॉयमेंटचं कार्ड. 1959 च्या कायद्याने सरकारी कार्यालयांना आणि 25 किंवा अधिक कामगारांच्या खासगी आस्थापनांना रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयाला कळवणं बंधनकारक केलं. निकाल लागला की गुणपत्रिकेच्या साक्षांकित नकला घेऊन जिल्ह्याच्या गावी रांग लावायची, नाव नोंदवायचं, मुदत संपायच्या आत कार्डाचं नूतनीकरण करायचं आणि कॉलची वाट पाहायची. कार्ड पेटीत, साड्यांच्या घडीखाली जपलेलं असे. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की केवळ कार्यालयाने पाठवलेल्या नावांवर थांबू नका, जाहिरात देऊन इतरांचाही विचार करा. त्यानंतर कार्डाचं वजन उतरत गेलं. नंबर लागेल म्हणून थांबण्याची सवय मात्र घरात राहिली.

डी.एड. या शिक्षकी पदविकेच्या बाबतीत या सवयीची फार मोठी किंमत मोजावी लागली. दोन वर्षांचा कोर्स, मग जिल्हा परिषदेची शाळा. मुलीच्या लग्नातही असं स्थळ वरचढ मानलं जाई. लोकांनी शेत गहाण ठेवून प्रवेश घेतले. मे 2012 मध्ये राज्याने शिक्षक भरती थांबवली. पुढच्या वर्षी टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा आली, 2017 मध्ये शिक्षकांची अभियोग्यता चाचणी आणि भरतीचं ऑनलाइन ‘पवित्र’ पोर्टल. मधल्या वर्षांत पात्रता असूनही खासगी शाळेत तुटपुंज्या मानधनावर राबलेली एक पिढी इथल्या प्रत्येक तालुक्यात आहे. या मुलांनी कष्टात कसूर केली नव्हती. जागा निघणं थांबलंय, हे त्यांना वेळेवर कुणी स्पष्ट सांगितलं नाही, याचा मला आजही राग येतो.

इंजिनिअरिंगचं थोड्याफार फरकाने तेच. 1983 मध्ये राज्याने विनाअनुदानित खासगी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि बांभोरी, शिरपूरपर्यंत ही पदवी पोचली. नोकरी मात्र पुणे-बेंगळुरूला. 1945 मध्ये वनस्पती तुपासाठी अमळनेरात सुरू झालेली कंपनी विप्रो म्हणून जगभर गेली, पण तिच्या सॉफ्टवेअरच्या खुर्च्या अमळनेरात आल्या नाहीत.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि सगळ्या वाटा एकदम अडल्या. सुरतेचे लूम थांबले. सैन्य भरतीचे मेळावे बंद पडले आणि पहाटे रस्त्यावर धावणाऱ्या मुलांची वयं निघून गेली. जून 2022 मध्ये भरती पुन्हा सुरू होण्याची घोषणा झाली ती चार वर्षांच्या अग्निपथ योजनेची. आयटीत मात्र आधी उलटं घडलं. 2021-22 मध्ये कंपन्यांनी भरमसाट भरती केली, मुलं गावी बसून पुण्याचं काम करू लागली. हीच नवी रीत, असं घरच्यांना वाटलं. 2023-24 मध्ये टीसीएस, इन्फोसिस, विप्रो तिन्हींची कर्मचारीसंख्या घटली. ऑफिसला परत बोलावणं आलं आणि नवख्यांसाठी दार अरुंद झालं.

म्हणून आज सल्ला विचारायचा तो त्या कामात शिरून दोन-तीन वर्षंच झालेल्यांना. निवृत्त झालेल्या काकांना नव्हे, ते कितीही मायेने सांगत असले तरी. सुरतेच्या गाववाल्याची जागा आता कॉलेजच्या सीनियरने घेतली आहे. त्याला ‘जागा आहे का’ विचारण्याऐवजी ‘दिवसभर करतोस काय, मुलाखतीत काय करून दाखवायला लावलं’ हे विचारलं तर तो मोकळेपणाने सांगतो.

काम करता करता शिकवणाऱ्या 2024 च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेकडेही याच नजरेने पाहावं. बारावीला 6,000, आयटीआय-पदविकेला 8,000, पदवीधराला 10,000 रुपये विद्यावेतन. मुदत आधी सहा महिने, नंतर वाढवून अकरा. तिथे कायम करतील या आशेवर बसू नये. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर नोंदी केल्या, पाइपच्या कारखान्यात मशीन चालवलं, जे केलं ते कामाच्या नावासकट अनुभवपत्रावर लिहून घ्यावं, आणि पुढचे अर्ज चौथ्या महिन्यापासूनच टाकायला लागावं.