कोकणातील झिओलाइट-नमुने व त्यांचे परीक्षण

कोकण किनारपट्टी आणि तिच्या पूर्वेचा घाटपायथा येथील बेसाल्टात मिळणारे झिओलाइट गटाचे स्फटिक व त्यांच्या सोबतीची खनिजे. तसेच हे नमुने प्रदर्शनात किंवा घरी एकमेकांपुढे ठेवून त्यांची जात, ठिकाण व प्रत यांविषयी मत देण्याची संग्राहकांतील पद्धत. बोलीत या सगळ्यांना सरसकट ‘गारगोटी’ म्हणतात. काटेकोरपणे पाहता गारगोटी म्हणजे क्वॉर्ट्झ. पण खाणकामगार आणि व्यापारी काळ्या दगडाच्या पोटातून निघणाऱ्या कोणत्याही पांढऱ्या-चमकत्या वस्तूला हाच शब्द लावतात. सिन्नरच्या खनिज संग्रहालयानेही हेच नाव घेतले आहे. त्यामुळे व्यवहारात त्याला हरकत घेण्यात अर्थ नाही.

‘झिओलाइट’ ही संज्ञा स्वीडिश खनिजवैज्ञानिक आक्सेल क्रोनस्टेट यांनी १७५६ मध्ये योजली. फुंकनळीच्या ज्योतीत धरल्यावर खनिज उकळल्यासारखे फसफसते, म्हणून ‘उकळणे’ आणि ‘दगड’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून हे नाव आले. ही फसफस स्फटिकातल्या पाण्याची असते. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट, मेसोलाइट, लॉमोंटाइट, मॉर्डेनाइट ही या गटातली खनिजे. प्रदर्शनाच्या टेबलावर त्यांच्याच रांगेत बसणारी अ‍ॅपोफिलाइट, प्रेहनाइट, ओकेनाइट, जायरोलाइट, बॅबिंग्टनाइट ही मात्र झिओलाइट नव्हेत. ती त्याच कुहरांत (खडकातल्या पोकळ्यांत), बहुधा तशाच द्रावांतून तयार झालेली वेगळी सिलिकेटे आहेत. अ‍ॅपोफिलाइटच्या नावाचाही इतिहास खडतर आहे : १९७८ मध्ये त्याचे फ्लुओर- व हायड्रॉक्सी- असे प्रकार पाडले गेले, २००८ मध्ये नावांची रचना बदलली आणि २०१३ मध्ये पुन्हा जवळजवळ जुन्या रूपावर आणली गेली. कोकणातला संग्राहक लेबलावर नुसते ‘अ‍ॅपोफिलाइट’ लिहितो आणि त्याचे काही अडत नाही.

उत्पत्ती व काल : दक्षिण ट्रॅपचा (दख्खनच्या पठाराच्या बेसाल्ट थरांचा) लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिला. थिजताना त्यात अडकलेल्या वायूंच्या बुडबुड्यांची कुहरे झाली आणि पुढे उष्ण पाण्याने त्यांत खनिजे आणून बसवली. सामान्यतः आधी हिरवट सेलॅडोनाइट किंवा मातकट खनिजांचा पातळ अस्तर, मग कॅल्सेडोनी व क्वॉर्ट्झ, त्यावर झिओलाइट आणि शेवटाकडे अ‍ॅपोफिलाइट व कॅल्साइट असा क्रम दिसतो. अपवाद पुष्कळ आहेत.

हे पाणी केव्हा व कशाने तापले यावर मात्र एकमत नाही. लाव्ह्याचे थर एकावर एक साचत गेले, खालचे थर गाडले जाऊन तापले आणि खोलीनुसार खनिजांचे पट्टे पडले, हा एक विचार. आइसलँड व आयर्लंडमध्ये असे पट्टे ओळखता आल्याने त्याला बळ मिळाले. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील सुखेस्वाला यांनी अवासिया व गंगोपाध्याय यांच्यासह १९७४ मध्ये पश्चिम भारतातील ट्रॅपसाठी लॉमोंटाइट, स्कोलेसाइट व ह्यूलँडाइट या खनिजांच्या नावांनी पट्टे मांडले. दुसरा विचार असा की, नमुन्यांतले निदान काही स्फटिक लाव्ह्यापेक्षा बरेच तरुण आहेत. अ‍ॅपोफिलाइटच्या किरणोत्सारी कालमापनातून पॅलिओजीनपासून आरंभीच्या मायोसीनपर्यंतचे (सुमारे साडेसहा ते दोन कोटी वर्षांपूर्वीच्या काळातले) आकडे आले आहेत. ते ग्राह्य धरले, तर लाव्हा थंड झाल्यावर कोट्यवधी वर्षांनीही या पोकळ्यांतून उष्ण पाणी फिरत होते असे म्हणावे लागते. कोकणापुरते पाहिले तर दुसऱ्या मताकडे झुकते माप देणे योग्य वाटते. पनवेल वळीच्या (खडकाचे थर वाकलेल्या पट्ट्याच्या) पश्चिमेस थर समुद्राकडे कललेले आहेत, ही बाब भूवैज्ञानिक ऑडेन यांनी १९४९ मध्ये नोंदली. त्या पट्ट्यात भेगा व भित्ती (भेगांत थिजलेल्या लाव्ह्याच्या उभ्या भिंती) दाट आहेत आणि वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून राजापूरजवळच्या उन्हाळे गावापर्यंत गरम पाण्याचे झरे आजही वाहतात. आजचे झरे हा जुन्या झऱ्यांचा पुरावा नव्हे, हे खरे. पण पाण्याला वर येण्याची वाट येथे आहे, एवढे त्यातून दिसते.

मुंबई बेटांचा व साष्टीचा खडक थोडा निराळा आहे. येथे लाव्ह्याचा काही भाग उथळ पाण्यात ओतला गेला. त्यामुळे उशीच्या आकाराच्या लाव्हा-राशी आणि स्पिलाइट हा सोडियमधारी बेसाल्ट आढळतो. लाव्ह्यांच्या मधल्या गाळाच्या थरांत वरळीला छोट्या बेडकांचे जीवाश्म सापडले आणि इंग्लंडचे जीवाश्मतज्ज्ञ ओवेन यांनी १८४७ मध्ये त्यांचे वर्णन केले. मालाड व कांदिवलीच्या दगडखाणींची ख्याती या खडकामुळेच आहे. फिकट हिरव्या प्रेहनाइटवर काळेभोर, आरशासारखे बॅबिंग्टनाइट, क्वचित जुल्गोल्डाइट, लॉमोंटाइट व जायरोलाइट हा मेळ देशावरच्या खाणींत सहसा मिळत नाही. शहर पसरत गेले तशा या खाणी बंद पडल्या. आज बाजारात येणारे ‘मालाड’ बहुतेक जुन्या संग्रहांतून फिरून आलेले असते.

‘पूना’ लेबलाचा प्रश्न : या विषयात सर्वाधिक गोंधळ ठिकाणाच्या नावांचा आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपात गेलेल्या नमुन्यांवर ‘पूना’ किंवा ‘बॉम्बे’ एवढेच लिहिलेले असे. खनिजवैज्ञानिक ब्रुक यांनी १८३१ मध्ये ‘पूनालाइट’ नावाचे खनिज वर्णिले. पुढे ते मेसोलाइटच असल्याचे ठरले आणि नाव मोडीत निघाले. ठिकाणाचे ओझे मात्र तसेच राहिले. पूना म्हणजे शहर, जिल्हा, छावणी की पुण्याहून मुंबईला जाणारा रस्ता, हे एका शब्दातून उमगत नाही.

बोरघाटाचे नमुने याचे उत्तम उदाहरण. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या घाटमार्गाचे काम १८५६ मध्ये सुरू झाले आणि १८६३ मध्ये मार्ग खुला झाला. सुमारे २५ किलोमीटरच्या चढावर २५ बोगदे खोदले गेले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये भारतात आल्यावर थोड्याच दिवसांत वारले आणि काम त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी पुढे चालवले. सुरुंगांनी फुटलेल्या कपारींतून अ‍ॅपोफिलाइट व स्टिल्बाइटचे मोठे स्फटिक बाहेर पडले आणि लंडनसह अनेक संग्रहालयांत पोचले. आता हा घाट कोणाचा? पळसदरीचा पायथा कोकणात, रायगड जिल्ह्यात. माथ्यावरचे खंडाळे देशावर, पुणे जिल्ह्यात. इंग्रजी लेबलांवर त्याचे ‘भोर घाट’ झाल्याने भोर संस्थानाशीही त्याची गल्लत होते. बोगद्याचा क्रमांक दिलेला नसेल, तर ‘पूना’ लिहिलेला घाटातला जुना नमुना कोकणाबाहेर ढकलण्याची घाई करू नये. वाघोलीचे निळे कॅव्हन्साइट, पाषाणचे हिरवे अ‍ॅपोफिलाइट यांच्यामुळे पुण्याचे नाव जगभर झाले हे योग्यच. त्या नावाच्या सावलीत कोकणचा किती माल गेला याचा हिशेब कोणी मांडलेला दिसत नाही.

परीक्षण : अमेरिकेतील टुसॉन येथे १९५५ पासून आणि जर्मनीतील म्यूनिकमध्ये १९६० च्या दशकापासून खनिजांचा बाजार भरतो. तेथील टेबलांवर महाराष्ट्रातील झिओलाइट नेमाने असतात. मुंबई-ठाण्याकडचे संग्राहक जमतात तेव्हाची पद्धत त्याहून फार वेगळी नाही, फक्त गप्पा जास्त असतात. नमुना हातात देताना तो खालून, मातृखडकाला धरून द्यायचा, स्फटिकाला बोट लावायचे नाही, हा पहिला संकेत. पाहणारा आधी नुसत्या डोळ्यांनी पाहतो, मग दहापट भिंग आणि टॉर्च काढतो. पहिला प्रश्न दराचा नसतो, “काका, खाण कुठली?” असा असतो. उत्तर “पनवेलच्या बाजूची” असे मोघम आले, तर समोरचा मान हलवतो आणि नमुना जपून परत ठेवतो.

मग चमकेवर बोलणे येते. अ‍ॅपोफिलाइटच्या टोकाकडच्या सपाट फलकावर (स्फटिकाच्या पृष्ठावर) मोत्यासारखी आणि बाजूच्या फलकांवर काचेसारखी चमक असते. नमुना टॉर्चखाली हळू फिरवला की हा बदल लगेच कळतो. क्वॉर्ट्झ असा फरक दाखवत नाही. आडव्या पातळीत पाटन (ठरावीक दिशेने सपाट फुटण्याचा गुण) उत्तम असल्याने टोक सपाट दिसले तर ते मूळचे की तुटलेले, यावर हमखास वाद होतो. मूळ फलकावर वाढीच्या बारीक खुणा असतात, तर तुटलेली पातळी फारच गुळगुळीत असते आणि कडेला पापुद्रा सुटलेला दिसतो. स्टिल्बाइट पेंढीसारखे असते, मध्ये आवळलेले आणि दोन्ही टोकांना फुललेले. पेंढीचे एक टोक दबलेले असेल, तर ती कुहराच्या भिंतीला टेकून वाढली असावी. त्याला इजा म्हणत नाहीत, पण किंमत उतरते. सुयांच्या गुच्छांबाबत शहाणे लोक गप्प बसतात. स्कोलेसाइटमध्ये कॅल्शियम, नॅट्रोलाइटमध्ये सोडियम आणि मेसोलाइटमध्ये दोन्ही. डोळ्यांनी निवाडा होत नाही, क्ष-किरण तपासणी लागते. कोकणातील सुया बहुधा स्कोलेसाइट धरल्या जातात.

रंगाविषयी उत्साह जास्त आणि आधार कमी असतो. हिरव्या अ‍ॅपोफिलाइटचा रंग व्हॅनेडियममुळे येतो, हे १९७४ मध्ये वर्णपट-अभ्यासातून दाखवले गेले. ह्यूलँडाइट व स्टिल्बाइटची लाली लोहाच्या ऑक्साइडांची असते. ओकेनाइट कापसाच्या बोंडासारखे पांढरे असते. निळे किंवा गुलाबी बोंड दिसले तर तो रंगाच्या बाटलीचा प्रताप समजावा. हे बोंड एकदा बोटाने दाबले गेले की तंतू पुन्हा उभे राहत नाहीत. आम्लात बुडवून कॅल्साइट काढलेले नमुनेही जाणकारांना खटकतात, कारण स्कोलेसाइटसारखी खनिजे आम्लात चिकट जेलीसारखी होतात आणि फलकांचे तेज जाते. डिंकाचा जोड भिंगाखाली चमकत्या रेषेसारखा दिसतो. जोड सांगून विकला तर तो दोष नव्हे, दुरुस्ती मानतात.

मालाडच्या ‘बोटां’वर या चर्चेत सगळ्यात जास्त वेळ जातो. लॉमोंटाइटच्या लांबट स्फटिकांवर प्रेहनाइट चढले आणि आतले लॉमोंटाइट विरघळून वा भुगा होऊन गेले, की हिरवी पोकळ बोटे उरतात. तुटलेल्या बोटाच्या तोंडाशी टॉर्च धरली तर आत मूळ स्फटिकाचा चौकट छेद स्पष्ट दिसतो आणि बाहेरचा पृष्ठभाग मात्र लहान लहान द्राक्षांसारखा गोलसर असतो. याला कायांतर म्हणावे की नुसते आवरण, हा पारिभाषिक वाद आहे. पोकळी शाबूत असेल तर आवरण म्हणणे अधिक बरोबर, कारण तेथे एका खनिजाची जागा दुसऱ्याने घेतलेली नसते.

दक्षिणेकडे नोंदी विरळ होत जातात. रत्नागिरीत बेसाल्टावर जांभ्याचे जाड कवच आहे आणि चिऱ्याच्या खाणीत झिओलाइट मिळत नाहीत. सिंधुदुर्गात बऱ्याच भागात ट्रॅपच संपतो. तेथे रेडीचे लोहखनिज, कणकवलीचे क्रोमाइट व सिलिका वाळू यांचा विषय येतो आणि संग्राहकांची टेबले मागे पडतात.

जतन : लॉमोंटाइट कोरड्या हवेत पाणी गमावते, पांढुरके पडते आणि बोटाने चुरता येईल इतके ठिसूळ होते. कोकणातल्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, ते त्यामानाने टिकते. वातानुकूलित खोलीतल्या काचेच्या कपाटात मात्र हळूहळू पीठ पडू लागते. म्हणून काही जण ते घट्ट झाकणाच्या डब्यात ओल्या कापसाच्या बोळ्यासह ठेवतात आणि दाखवण्यापुरतेच बाहेर काढतात.