शिक्षणोत्तर कायम निवास (पीआर) : खानदेशातील विद्यार्थ्यांच्या संदर्भात

परक्या देशात मुदतीच्या बंधनाशिवाय राहण्याची आणि कोणत्याही मालकाकडे काम करण्याची परवानगी म्हणजे कायम निवास. बोलण्यात तिला सगळे ‘पीआर’च म्हणतात. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे ‘पोराचा पीआर झाला’ एवढे सांगितले की पुढचे सांगावे लागत नाही. पीआर म्हणजे नागरिकत्व नव्हे. पासपोर्ट भारताचाच राहतो, आणि त्या देशाबाहेर फार काळ राहिल्यास पीआर हातचा जाऊही शकतो. कॅनडात तो टिकवायचा तर पाच वर्षांत किमान ७३० दिवस तिथे राहावे लागते.

पदवी मिळाली म्हणून पीआर मिळत नाही. दोहोंच्या मध्ये जवळपास सर्व देशांत कामाचा एक तात्पुरता परवाना असतो. तो मोजक्या वर्षांचा आणि बहुधा आयुष्यात एकदाच मिळणारा असतो. त्याच मुदतीत योग्य दर्जाची नोकरी, भाषापरीक्षेचे गुण आणि कागदपत्रे जुळवावी लागतात. ज्यांचा पीआर अडतो त्यांचा बहुतेकदा याच टप्प्यावर अडतो, आणि त्याचे मूळ अभ्यासक्रम निवडताना झालेल्या चुकीत असते.

कॅनडा

खानदेशात पीआरची चर्चा निघाली की पहिले नाव कॅनडाचे येते, म्हणून तिथली पद्धत जरा खोलात पाहू. शिक्षणानंतरच्या कामाच्या परवान्यासाठी अभ्यासक्रम किमान आठ महिन्यांचा लागतो. दोन वर्षांपेक्षा लहान अभ्यासक्रमाला तेवढ्याच काळाचा परवाना मिळतो, दोन वर्षे किंवा अधिकच्या अभ्यासक्रमाला तीन वर्षांचा. पदव्युत्तर पदवी दोन वर्षांहून लहान असली तरी १५ फेब्रुवारी २०२४ पासून तिच्यावर तीन वर्षे मिळू शकतात. अभ्यासक्रम पूर्ण झाल्याचे पत्र हाती आल्यापासून १८० दिवसांत अर्ज करावा लागतो. पदवीदान समारंभाची वाट पाहण्यात यातले दिवस फुकट जातात.

१ नोव्हेंबर २०२४ पासून नियम कडक झाले. विद्यापीठाच्या पदवीधराला कॅनडाच्या भाषा-मोजपट्टीवर (सीएलबी) सातवी पातळी आणि कॉलेजच्या डिप्लोमाधारकाला पाचवी पातळी दाखवावी लागते. डिप्लोमा ठरवून दिलेल्या विषयांतलाच हवा. विद्यापीठाच्या पदवीला ही विषयाची अट नाही. व्यवस्थापनाचा दोन वर्षांचा डिप्लोमा एजंटांनी वर्षानुवर्षे विकला. आज त्या विषयावर हा परवाना मिळत नाही. सरकारी कॉलेजच्या नावाखाली खासगी संस्था चालवत असलेले अभ्यासक्रमही २०२४ पासून बाद झाले. फी भरण्याआधी संस्थेचे नाव तर पाहावेच, पण तो अभ्यासक्रम आणि तो कॅम्पससुद्धा पात्र आहे का, हे कॅनडा सरकारच्या यादीत स्वतः तपासावे.

पुढचा टप्पा २०१५ पासून चालू असलेल्या ‘एक्स्प्रेस एन्ट्री’चा, म्हणजे गुणांवर पीआरसाठी निवड करण्याच्या पद्धतीचा. तिच्यातील कॅनेडियन अनुभवाच्या वर्गासाठी मागील तीन वर्षांत किमान एक वर्ष, म्हणजे १,५६० तास, कुशल काम लागते. आठवड्याला ३० तास धरले जातात. ५० तास राबून वर्ष आठ महिन्यांत उरकता येत नाही, जास्तीचे तास धरतच नाहीत. पूर्णवेळ शिकत असताना केलेले काम आणि स्वतःचा धंदा हेही मोजत नाहीत. कामाची प्रत कॅनडाच्या सरकारी नोकरी-वर्गीकरणातील शून्य ते तीन या दर्जांत बसावी लागते. स्वयंपाकी, दुकानातला सुपरवायझर, लांब पल्ल्याचा ट्रकचालक बसतात. गोदामात माल हलवणारा, कॅशियर किंवा घरोघरी जेवण पोचवणारा बसत नाही, मग पगार कितीही असो. मालकाच्या पत्रात हुद्दा, प्रत्यक्ष कामे, आठवड्याचे तास आणि वेतन स्पष्ट लागते. ‘हा आमच्याकडे होता, मेहनती आहे’ अशा पत्राने अर्ज फेटाळला जातो.

पात्र ठरल्यावर १,२०० पैकी गुण मिळतात आणि वरच्या गुणांच्या लोकांना आमंत्रण येते. वयाचे सर्वाधिक गुण २० ते २९ या वयात. तिसाव्या वर्षापासून दरवर्षी कमी होत पंचेचाळिसाव्या वर्षी शून्य. एखाद्या प्रांताने नामांकन दिले तर एकदम ६०० गुण वाढतात. नोकरीच्या ऑफरचे गुण २५ मार्च २०२५ पासून बंद झाले, तरी ऑफरलेटर विकणारे अजून भेटतात. फ्रेंच चांगली येणाऱ्यांच्या वेगळ्या निवडी होतात आणि त्यांत कमी गुणांवरही काम होते. इंग्रजीत अर्धा बँड वाढवण्यासाठी वर्ष घालवणाऱ्याने हा पर्याय एकदा तरी तपासावा. आमंत्रणानंतर पूर्ण अर्जासाठी ६० दिवस असतात. भाषापरीक्षेचा निकाल दोन वर्षेच चालतो, आणि पीआरसाठी आयईएल्टीएस या इंग्रजी परीक्षेचा जनरल प्रकार लागतो. प्रवेशासाठी दिलेली ॲकॅडेमिक परीक्षा इथे कामाची नाही.

अर्जात खोटी माहिती आढळली तर पाच वर्षे बंदी येते. एजंटाने परस्पर भरलेल्या खोट्या कागदाची जबाबदारीही अर्जदाराचीच.

इतर देश

ऑस्ट्रेलियात किमान दोन शैक्षणिक वर्षांचे (नोंदणीकृत ९२ आठवडे) शिक्षण झाल्यावर ४८५ क्रमांकाचा तात्पुरता व्हिसा मिळतो. अर्ज शिक्षण संपल्यापासून सहा महिन्यांत करायचा. १ जुलै २०२४ पासून बहुतेकांना वयोमर्यादा ३५ आहे. पीएचडी आणि संशोधनपर पदव्युत्तर पदवीधरांना सवलत आहे. पीआरची किमान गुणसंख्या ६५, पण आमंत्रण बहुतेकदा त्याहून बरेच वर गेल्याशिवाय येत नाही. वय २५ ते ३२ असेल तर ३० गुण, इंग्रजी उत्तम असेल तर २०. राज्याने नामांकन दिले तर ५, आणि मोठ्या शहरांबाहेर राहण्याच्या ४९१ व्हिसासाठी १५. त्या भागात तीन वर्षे राहून काम केल्यावर कायम व्हिसाचा अर्ज करता येतो. अभियंत्यांनी आपल्या शाखेचे कौशल्य-मूल्यमापन आधी करून घ्यावे. आमंत्रणाच्या रांगेत त्याशिवाय उभे राहता येत नाही.

जर्मनीत पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. जर्मन विद्यापीठाचा पदवीधर शिक्षणाला साजेशा नोकरीत दोन वर्षे राहिला, पेन्शनचे २४ हप्ते भरले आणि जर्मन भाषा बी-१ पातळीची झाली की तो कायम निवासाला पात्र ठरतो. गुणांची स्पर्धा नाही, हा मोठा फायदा. इंग्रजी माध्यमातून एमएस करणारे मात्र दोन वर्षे भाषेकडे पाहत नाहीत आणि नोकरीच्या वेळी अडखळतात. जाण्याआधी भारतीय विद्यार्थ्याला एपीएस प्रमाणपत्र (शैक्षणिक कागदपत्रे तपासल्याचा दाखला) आणि वर्षाला ११,९०४ युरोंचे गोठवलेले खाते (ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते) लागते.

ब्रिटनचा पदवीधर व्हिसा दोन वर्षांचा आहे. १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना तो १८ महिन्यांचा होईल, पीएचडीधारकांना तीन वर्षे राहतील. कुशल नोकरीच्या व्हिसावरून कायम निवास मागताना या व्हिसावरची वर्षे धरत नाहीत. अमेरिकेत शिक्षणानंतर १२ महिने, विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीला आणखी २४ महिने काम करता येते. पुढे एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची सोडत (६५,००० आणि तिथल्या पदव्युत्तरांसाठी २०,०००), आणि ग्रीन कार्डात एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा असल्याने भारतीयांची रांग दशकांची. पीआर हाच हेतू असेल तर अमेरिका सर्वांत लांबचा रस्ता आहे.

घरची कागदपत्रे

पीआरच्या वेळी अडवणारे कागद बरेचदा गावातलेच असतात. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी. वडिलांचे नाव कुठे ‘भाऊराव’ तर कुठे ‘भावराव’. पहिले बाळंतपण माहेरी होण्याची रीत असल्याने जन्माची नोंद आजोळच्या ग्रामपंचायतीत असते, आणि जुन्या दाखल्यावर बाळाचे नावच नसते. हे सारे जाण्याआधी दुरुस्त करणे सोपे. परदेशातून मामाला फोन करून ग्रामसेवकाकडे पाठवणे अवघड. नाव बदलले असेल तर राजपत्राची प्रत जपून ठेवावी.

कॅनडात भारतीय पदवीचे गुण हवे असतील तर तिचे मूल्यमापन लागते. त्यासाठी गुणांचा तपशील विद्यापीठाने थेट पाठवावा लागतो, विद्यार्थ्याने उघडलेला लिफाफा चालत नाही. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या पदवीधराने हे काम निघण्यापूर्वीच उरकावे. महाविद्यालयाने मधल्या काळात संलग्नता बदलली असेल तर कोणत्या सत्राचे गुण कोणते विद्यापीठ देणार हे लेखी विचारून घ्यावे.

पैशांचा पुरावा हा शेतकरी घरांचा वेगळा प्रश्न आहे. रावेर-यावलच्या केळीवाल्याकडे लाखांची जमीन असते, पण शेतजमिनीवर सरफेसी या थकीत कर्जवसुलीच्या कायद्याने जप्ती आणता येत नसल्याने बँका शैक्षणिक कर्जाला ती सहसा तारण घेत नाहीत. घर, बिनशेती प्लॉट किंवा मुदत ठेव मागतात. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून विवरणपत्रही नसते. केळीचा, कपाशीचा पैसा एकदम येतो आणि खात्यात अचानक मोठी रक्कम दिसली की व्हिसा अधिकारी उगम विचारतो. काटापट्ट्या (मालाच्या वजनाच्या पावत्या), सातबारा, आठ-अ आणि बँकेतूनच आलेली रक्कम यांचा मेळ बसवून ठेवावा. फी सवलतीसाठी काढलेला कमी उत्पन्नाचा दाखला आणि व्हिसासाठी दाखवलेले भरघोस उत्पन्न एकमेकांना खोटे पाडतात, हेही ध्यानात असावे. सरकारी शिष्यवृत्तीवर जाणाऱ्याने करारातील परतीची अट सही करण्याआधी वाचावी.

लग्नाचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण नाही. तीन आठवड्यांच्या सुट्टीत मुलगी पाहून लग्न उरकून जाण्याची पद्धत आहे. कॅनडाचा पीआर अर्ज चालू असताना लग्न झाले आणि पत्नीचे नाव कळवले नाही, तर पुढे तिला कुटुंब म्हणून बोलावता येत नाही. पत्रिका आणि फोटो पुरत नाहीत, विवाहनोंदणीचा दाखला हवा.

जमीन आणि पीआर

पीआर मिळाल्याने वडिलोपार्जित जमीन जात नाही. वारसाहक्काने ती ठेवता येते. मात्र परदेशात राहणाऱ्या भारतीयाला नवीन शेतजमीन विकत घेता येत नाही. पुढे तिथले नागरिकत्व घेतले की भारताचे संपते, कारण इथे दुहेरी नागरिकत्व नाही. परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारे ओसीआय कार्ड घेतले तरी शेतजमीन विकत घेण्याची बंदी कायम राहते. म्हणून भावकीची वाटणी आणि सातबाऱ्यावरील वारस नोंद पीआरच्या आधी किंवा लगेच नंतर उरकलेली बरी. गावातले व्यवहार भावाकडे द्यायचे असतील तर मुखत्यारपत्र भारतीय दूतावासात साक्षांकित करून पाठवावे लागते, आणि ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते.