कार्यशाळेतील यंत्रांसाठी व्हीएफडी

व्हीएफडी (व्हेरिएबल फ्रिक्वेन्सी ड्राइव्ह) हे थ्री फेज इंडक्शन मोटारीला जाणाऱ्या विजेची वारंवारता आणि व्होल्टेज एकत्र बदलून तिचा वेग हवा तसा कमी-जास्त करणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण आहे. वर्कशॉपमध्ये त्याला नुसते ‘ड्राइव्ह’ म्हणतात, बिलावर ते ‘एसी ड्राइव्ह’ म्हणूनही येते. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या जुन्या शेडपासून शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींपर्यंत ओतकाम आणि त्यावरचे मशिनिंग हा मोठा धंदा आहे. मोठ्या कारखान्यांतल्या सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) यंत्रांत वेगनियंत्रण मुळातच असते. ड्राइव्ह वेगळा विकत घेऊन बसवण्याचा प्रश्न येतो तो जुन्या लेथ, मिलिंग, ड्रिल आणि ग्राइंडरसाठी, आणि ही नोंद प्रामुख्याने त्यांच्याविषयी आहे.

इंडक्शन मोटारीचा वेग दोन गोष्टींवर ठरतो: वारंवारता आणि पोलची, म्हणजे वायंडिंगने तयार होणाऱ्या चुंबकीय ध्रुवांची, संख्या. वारंवारतेला १२० ने गुणून पोलच्या संख्येने भागले की चुंबकीय क्षेत्राचे मिनिटाला होणारे फेरे मिळतात. ५० हर्ट्झवर चार पोलच्या मोटारीत ते १५०० येतात. रोटर, म्हणजे मोटारीचा फिरता भाग, त्याच्या थोडा मागे राहतो, म्हणून नेमप्लेटवर १४४० च्या आसपासचा आकडा दिसतो. वारंवारता २५ हर्ट्झ केली की वेग साधारण निम्मा होतो. मात्र नुसती वारंवारता उतरवून व्होल्टेज तसेच ठेवले तर मोटारीचा गाभा चुंबकीयदृष्ट्या तुंबतो आणि वायंडिंग तापते. म्हणून ड्राइव्ह दोन्ही एका प्रमाणात खाली आणतो. ४१५ व्होल्टच्या मोटारीसाठी हे प्रमाण दर हर्ट्झला सुमारे ८.३ व्होल्ट पडते.

ड्राइव्हच्या आत हे काम तीन टप्प्यांत होते. येणारी एसी वीज आधी डीसी होते. कपॅसिटर तिच्यातले चढउतार सपाट करतात. मग आयजीबीटी नावाचे ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करून त्या डीसीच्या कमी-अधिक रुंदीच्या पल्स मोटारीला देतात. मोटारीतून येणारी बारीक शिट्टी या उघडझापीची असते. थायरिस्टर या जुन्या प्रकारच्या इलेक्ट्रॉनिक स्विचवर चालणारे ड्राइव्ह आयजीबीटीच्या आधीपासून होते. डेन्मार्कच्या डॅनफॉस कंपनीने १९६८ मध्ये व्हीएलटी ५ हा ड्राइव्ह मोठ्या प्रमाणावर उत्पादनात आणला. आयजीबीटी आल्यानंतर ड्राइव्ह इतके लहान आणि स्वस्त झाले की दोन हॉर्सपॉवरच्या लेथलाही ते परवडू लागले.

लहान वर्कशॉपला ड्राइव्हचे पहिले आकर्षण वेगाचे नसते, फेजचे असते. घरामागच्या शेडमध्ये सिंगल फेज मीटर आहे आणि लेथ मिळाला थ्री फेज मोटारीचा, अशी जोडी नेहमी जमते. २३० व्होल्ट सिंगल फेज घेऊन थ्री फेज देणारे ड्राइव्ह साधारण तीन हॉर्सपॉवरपर्यंत सहज मिळतात. पण ते व्होल्टेज वाढवत नाहीत. २३० आत गेले तर बाहेरही जास्तीत जास्त २३० च येणार. त्यामुळे मोटारीचा टर्मिनल बॉक्स उघडून पाहण्याला पर्याय नाही. भारतात दोन हॉर्सपॉवरपर्यंतच्या मोटारी बहुधा ४१५ व्होल्टला स्टारमध्ये (तिन्ही वायंडिंगचे एकेक टोक एकत्र बांधून) जोडलेल्या असतात. प्रत्येक वायंडिंगवर २४० च व्होल्ट पडत असल्याने बॉक्समधल्या पट्ट्या डेल्टात (तिन्ही वायंडिंग टोकाला टोक, त्रिकोणात) फिरवल्या की अशी मोटार या ड्राइव्हवर पूर्ण ताकदीने चालते. तीन हॉर्सपॉवरपासून पुढच्या मोटारी बहुतेक वेळा आधीच डेल्टात असतात. त्यांच्या बाबतीत रिवायंडिंग किंवा खरे थ्री फेज कनेक्शन हेच मार्ग उरतात. काही जुन्या मोटारींच्या बॉक्समध्ये तीनच टोके बाहेर काढलेली असतात आणि स्टारचा जोड वायंडिंगच्या आत बांधलेला असतो. तो सोडवून सहा टोके बाहेर आणणे वायंडिंगवाल्याला येते, घरी करण्याचे ते काम नाही. डेल्टात करंट १.७३ पट होतो. दोन हॉर्सपॉवरच्या मोटारीचे साडेतीन अँपियर सहाच्या घरात जातात, आणि सिंगल फेज बाजूला ड्राइव्ह त्याच्याही साधारण दुप्पट ओढतो. ड्राइव्ह घेताना म्हणून हॉर्सपॉवरपेक्षा अँपियर पाहावेत. कपॅसिटरवर सुरू होणारी सिंगल फेज मोटार मात्र अशा ड्राइव्हवर चालवता येत नाही.

लेथवर खरा फायदा दिसतो तो फेसिंगच्या, म्हणजे जॉबचा समोरचा चेहरा सपाट करण्याच्या, वेळी. २०० मिलिमीटर व्यासाच्या बिडाच्या (कास्ट आयर्नच्या) जॉबवर मिनिटाला २५ मीटरचा कटिंग स्पीड ठेवायचा तर स्पिंडलचे (जॉब फिरवणाऱ्या मुख्य दांड्याचे) फेरे ४० लागतात. टूल आत सरकत ५० मिलिमीटर व्यासावर पोचले की तोच स्पीड टिकवायला १६० फेरे हवेत. बेल्ट बदलून हे मध्यात करता येत नाही, ड्राइव्हचा पॉट (वेगाची घुंडी) फिरवून येते. चॅटर (कापताना टूलची थरथर) सुरू झाला तरी फेरे थोडे खाली-वर केले की पुष्कळदा तो मोडतो. आटे पाडताना वेग बदलला तरी पिच बदलत नाही, कारण टूल पुढे सरकवणारा लीड स्क्रू स्पिंडलशी गिअरने बांधलेला असतो.

एवढे पाहिल्यावर गिअर आणि बेल्टच्या पायऱ्या काढून टाकण्याचा मोह होतो, आणि तिथेच हा व्यवहार फसतो. ५० हर्ट्झच्या खाली मोटारीचा टॉर्क जास्तीत जास्त तेवढाच राहतो, पण वेग घटल्याने तिची ताकद त्याच प्रमाणात घटते. दोन हॉर्सपॉवरची मोटार १० हर्ट्झवर ०.४ हॉर्सपॉवरपेक्षा जास्त देऊ शकत नाही. तेच फेरे बॅक गिअर (लेथचा वेग उतरवणारा गिअर) टाकून मिळवले तर घर्षणातले नुकसान वगळता दोन्ही हॉर्सपॉवर टूलपर्यंत पोचतात आणि टॉर्क कैक पटींनी वाढतो. मोठ्या व्यासावर जाड कट घ्यायचा असेल तर गिअर टाकावाच, ड्राइव्ह दोन पायऱ्यांमधली जागा भरण्यापुरता वापरावा. व्यवहारात ५० हर्ट्झच्या आसपासचा पट्टा सर्वात सुखाचा. २० हर्ट्झच्या खाली भरल्या लोडवर फार वेळ चालवू नये, कारण मोटारीचा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो आणि वेग पडला की थंडावाही पडतो. वरच्या बाजूला ७० हर्ट्झपलीकडे जाताना हेडस्टॉक, म्हणजे स्पिंडल धरणारा लेथचा भाग, पाहावा लागतो. जुन्या बुश बेअरिंगच्या लेथचे स्पिंडल एवढ्या फेऱ्यांसाठी बनलेलेच नसते. उलट गिअर फिरताना उडणाऱ्या तेलावर ज्यांचे वंगण चालते त्या यंत्रांत फेरे फार उतरले की वरच्या बेअरिंगपर्यंत तेल पोचत नाही.

जोडणीत एक चूक सर्रास दिसते: ड्राइव्ह आणि मोटार यांच्या मधला लेथचा जुना रिव्हर्स-फॉरवर्ड स्विच तसाच ठेवणे. चालू लोडवर त्या स्विचने मधली जोडणी तुटली की आयजीबीटी जाण्याची भीती असते. मोटार ड्राइव्हला थेट जोडायची आणि तोच स्विच ड्राइव्हच्या कंट्रोल टर्मिनलवर घ्यायचा. कारागिराच्या हाताची सवय राहते आणि ड्राइव्हही वाचतो. पॉवर फॅक्टरचा कपॅसिटर मोटारीच्या बाजूला कधीच नसावा. अर्थिंग ड्राइव्हला आणि मोटारीला स्वतंत्र, चांगली द्यावी. ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) मात्र ड्राइव्हच्या गळती करंटने उगाच पडू शकतो. जुन्या वायंडिंगला लांब केबल मानवत नाही, कारण पल्सच्या टोकाशी व्होल्टेज दुप्पट होऊन मोटारीच्या पहिल्या वेढ्यांवर आदळते. काम उरकल्यावर ड्राइव्ह उघडायचा असेल तर मेन बंद करूनही पाच-दहा मिनिटे थांबावे आणि मीटरने तपासावे. ४१५ व्होल्टच्या ड्राइव्हच्या कपॅसिटरमध्ये ५६० व्होल्टच्या वर डीसी साठलेले असते.

ब्रेकिंगची सेटिंगही जपून करावी लागते. थांबण्याचा वेळ फार कमी ठेवला की फिरता चक (जॉब पकडणारा जड भाग) मोटारीतून वीज उलटी ढकलतो आणि ड्राइव्ह ओव्हरव्होल्टेज दाखवून ट्रिप होतो. ही वीज उष्णतेत जिरवणारा ब्रेकिंग रेझिस्टर लावून हे टाळता येते, पण आट्यांवर बसणाऱ्या चकवर त्यात वेगळाच धोका आहे. स्पिंडल अचानक थांबले किंवा उलटे फिरले की जड चक आपल्या आट्यांवरून सुटू लागतो. अशा लेथवर थांबण्याचा वेळ पाच सेकंदांच्या वर ठेवणेच बरे. लाइट गेली आणि स्विच चालूच राहिला, तर लाइट आल्याबरोबर यंत्र आपोआप फिरू नये एवढी सेटिंग पहिल्याच दिवशी करून घ्यावी. चकमध्ये चावी अडकलेली असण्याची तीच वेळ असते.

कोल्हापुरी वर्कशॉपमध्ये ड्राइव्हचा सर्वात मोठा वैरी व्होल्टेज नसून बिडाची भुकटी आहे. बीड कापताना उडणाऱ्या काळ्या धुळीत लोखंडाबरोबर ग्राफाइट असते, आणि दोन्हींतून वीज वाहते. ड्राइव्हचा छोटा पंखा ती आत खेचतो, सर्किट बोर्डावर थर बसतो आणि पावसाळ्याची दमट हवा लागली की त्या थरातून शॉर्ट होतो. उघडा ड्राइव्ह लेथच्या मागे भिंतीला ठोकणे म्हणूनच खोटी काटकसर. तो बंद पॅनेलमध्ये, फिल्टर लावलेल्या पंख्यासह, ग्राइंडरपासून दूर आणि चकच्या रेषेबाहेर बसवावा. पॅनेल फार लहान नको. ड्राइव्ह आपल्या ताकदीच्या तीनेक टक्के उष्णता आत सोडतो, आणि बहुतेक मॉडेल ४० ते ५० अंशांच्या वर पूर्ण लोड उचलत नाहीत.

वीजबिल कमी होईल या आशेने लेथवर ड्राइव्ह बसवणाऱ्यांची निराशा होते. सुरुवातीचा सहा-आठ पट करंट दीडपटीच्या आत येतो, हे खरे. पण धातू कापायला लागणारी ऊर्जा तेवढीच राहते. बचत होते ती फाउंड्रीच्या ब्लोअरवर आणि धूळ ओढणाऱ्या पंख्यांवर. पंख्याला लागणारी ताकद वेगाच्या घनाने बदलत असल्याने वेग ८० टक्क्यांवर आणला की ती निम्म्यावर येते. डॅम्पर (हवेच्या वाटेतली झडप) अर्धा लावून हवा अडवण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडते.

भंगारातून किंवा जुन्या यंत्राबरोबर आलेला, वर्षाहून अधिक काळ पडून राहिलेला ड्राइव्ह थेट पूर्ण व्होल्टेजवर लावू नये. त्याचे कपॅसिटर आधी व्हेरिॲकने (व्होल्टेज कमी-जास्त करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) हळूहळू व्होल्टेज चढवत काही तास जागे करून घ्यावे लागतात.