कोकणातील आरोग्यशिक्षण प्रवेश साहाय्य

अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त, इतर मागास, अल्पसंख्याक आणि गरीब घरांतील मुलामुलींना डॉक्टर, परिचारिका किंवा तंत्रज्ञ होता यावे यासाठी असलेल्या योजना. राखीव जागा, शिष्यवृत्ती, शुल्कमाफी, वसतिगृह आणि ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेची मोफत शिकवणी हे त्यांचे मुख्य भाग. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत लागू असलेल्या बहुतेक योजना राज्यभरच्याच आहेत. इथली अडचण मात्र खास इथली आहे.

रत्नागिरी-सिंधुदुर्गाचे कोकण विभागीय मंडळ स्थापनेपासून बारावीच्या निकालात राज्यात पहिले येत आले आहे. तेव्हा मुले अभ्यासात मागे आहेत असे कोणी म्हणू नये. पण एमबीबीएसचा प्रवेश ‘नीट’च्या ७२० गुणांवर ठरतो, आणि तिची तयारी करायला मुले लातूर, पुणे, कोल्हापूर किंवा मुंबई गाठतात. मासेमारीवर किंवा आंब्याच्या बागेतल्या मजुरीवर चालणाऱ्या घराला क्लासची फी आणि परगावचे राहणे दोन्ही झेपत नाही. २०२१ पूर्वी रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या तिन्ही जिल्ह्यांत एकही सरकारी वैद्यकीय महाविद्यालय नव्हते. २०२१-२२ मध्ये सिंधुदुर्गात आणि अलिबागला, तर २०२३-२४ मध्ये रत्नागिरीत प्रत्येकी १०० जागांचे महाविद्यालय सुरू झाले. जागा वाढल्या, पण तिथवर पोहोचवणारी शिकवणी गावात आली नाही.

ती उणीव भरून काढायचा प्रयत्न ‘बार्टी’ (अनुसूचित जातींसाठी) आणि २०१९ साली स्थापन झालेली ‘महाज्योती’ (इतर मागास, भटके-विमुक्त यांच्यासाठी) या संस्था करतात. महाज्योतीचे ‘नीट’ प्रशिक्षण ऑनलाइन असून त्यासाठी टॅब आणि इंटरनेट डेटा मिळतो. डोंगरउतारावरच्या वाडीत रेंज नसेल तर तो टॅब कपाटातच राहतो. म्हणून तालुक्याच्या गावी वसतिगृह आणि समोर उभे राहून शिकवणारा शिक्षक यांना पर्याय नाही.

वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना स्वाधार योजनेतून राहण्याजेवणाचे पैसे थेट खात्यात मिळतात. मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे ज्यांचे मूळ गाव, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव या योजनेला आहे. आदिवासींसाठी अशीच ‘स्वयम्’ योजना आहे. जुलै २०२४ पासून वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील आर्थिक दुर्बल, मराठा आणि इतर मागास प्रवर्गांच्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क सरकार भरते. खानावळ आणि पुस्तके त्यात येत नाहीत. कोकणी मुसलमान विद्यार्थ्याला केवळ अल्पसंख्याक म्हणून सरकारी महाविद्यालयात राखीव जागा नाही. त्याच्यासाठी शिष्यवृत्ती आणि मौलाना आझाद महामंडळाचे शैक्षणिक कर्ज आहे.

सर्वांत मोठा अडसर कागदाचा. राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र (जातीचा दाखला पडताळून खरा ठरल्याचे) लागते, आणि त्यासाठी जुने पुरावे: अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५०, जमातीला ६ सप्टेंबर १९५०, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे. रायगडातल्या कातकरी घराकडे ते कुठून असणार? जमीन नाही म्हणून सातबारा नाही, आजोबा शाळेत गेले नाहीत म्हणून दाखला नाही. शिवाय दिवाळीनंतर कुटुंब वीटभट्टीवर किंवा कोळसाभट्टीवर जाते, तेव्हा मुलांची शाळाही सुटते. डहाणू, जव्हार आणि पेण येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पांच्या आश्रमशाळा मुलांना मागे ठेवून घेतात, हे त्यांचे मोठे काम. मात्र वैधतेचा प्रस्ताव अकरावीतच दाखल करून घेणारा कोणी शाळेत असेल तरच ‘नीट’चे गुण कामी येतात. निकालानंतर धावाधाव करणाऱ्या मुलाची जागा मुदतीअभावी हातची जाते.

डॉक्टरकीखेरीज परिचर्येची वाट आहे. एएनएम (साहाय्यक परिचारिका-प्रसविका) अभ्यासक्रम दोन वर्षांचा, जीएनएम (सामान्य परिचर्या व प्रसविका) तीन वर्षांचा. विज्ञान शाखा नसलेल्या बारावी उत्तीर्ण मुलींनाही हे दोन्ही करता येतात. पाड्यावरची बोली येणारी परिचारिका उपकेंद्रात असली की बाळंतीण दवाखान्यात यायला कचरत नाही. परंतु डॉक्टर होऊ पाहणाऱ्या हुशार मुलीला ‘तुला नर्सिंगच बरे’ म्हणून परत पाठवणे अन्यायाचे आहे. जीएनएम झालेल्या परिचारिकेला पुढे दोन वर्षांची पोस्ट बेसिक बीएससी ही परिचर्येची पदवी घेऊन अध्यापनाकडेही वळता येते.