१,४२२ विजय कोणाचे? ग्रेग पोपोविच आणि श्रेय मोजण्याचे गणित

अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल साखळीच्या, म्हणजे एनबीएच्या, अधिकृत नोंदीनुसार सॅन अँटोनियो स्पर्स या संघाचे माजी प्रशिक्षक ग्रेग पोपोविच यांच्या खात्यावर नियमित हंगामातील १,४२२ विजय आहेत आणि हा त्या साखळीतील उच्चांक आहे. त्यांपैकी ३२ विजयांच्या वेळी पोपोविच मैदानात नव्हतेच. नोव्हेंबर २०२४ च्या सुरुवातीला त्यांना सौम्य पक्षाघाताचा झटका आला आणि हंगामातील उरलेले ७७ सामने सहायक मिच जॉन्सन यांनी सांभाळले. परंतु प्रभारी प्रशिक्षकाचे निकाल मुख्य प्रशिक्षकाच्या नावावर मांडण्याची पद्धत असल्यामुळे ते ३२ विजय आणि ४५ पराभवही पोपोविच यांच्याच हिशेबात गेले. ते वगळले तरी १,३९० विजय उरतात, आणि डॉन नेल्सन यांचा १,३३५ विजयांचा विक्रम त्यांनी मार्च २०२२ मध्येच मागे टाकलेला असल्याने उच्चांकाला काही धक्का लागत नाही. मात्र विजय कोणाच्या खात्यावर मांडला जातो आणि तो कोणामुळे मिळतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या किरकोळ वाटणाऱ्या नोंदीतून स्पष्ट होते. पोपोविच यांच्याविषयी चाहत्यांमध्ये वर्षानुवर्षे चाललेला वाद नेमका याच फरकाभोवती फिरतो.

वादाचे स्वरूप साधे आहे. एका पक्षाच्या मते पोपोविच हे या खेळातील सर्वश्रेष्ठ प्रशिक्षक आहेत: १९९९, २००३, २००५, २००७ आणि २०१४ अशी पाच अजिंक्यपदे, आणि १९९८ पासून २०१९ पर्यंत सलग बावीस वर्षे बाद फेरीत प्रवेश. दुसऱ्या पक्षाच्या मते हे सारे टिम डंकन या खेळाडूचे कर्तृत्व आहे. हा पक्ष आपले म्हणणे आकड्यांत मांडतो आणि ते आकडे खरेही आहेत. डंकन संघात असलेल्या एकोणीस हंगामांत स्पर्सने १,०७२ सामने जिंकले आणि ४३८ गमावले, म्हणजे यशाचे प्रमाण ७१ टक्के. डंकन येण्यापूर्वीच्या आणि तो निवृत्त झाल्यानंतरच्या हंगामांत पोपोविच प्रत्यक्ष बाकावर असताना ३१८ विजय आणि ३८६ पराभव, म्हणजे ४५ टक्के. प्रशिक्षक तोच, खेळाडू बदलला आणि निकाल बदलला. मग श्रेय कोणाचे हे सांगायला गणित कशाला हवे, असा त्यांचा सवाल असतो.

गणित हवे, कारण ही तुलना दिसते तितकी निर्मळ नाही. एखाद्या घरात प्रत्येक भाजीला आले आणि लसूण नेहमी एकत्र वाटूनच घातले जात असेल, तर चव आल्याची की लसणाची हे कितीही जेवणे जेवून ठरवता येणार नाही. त्यासाठी कधीतरी नुसते आले आणि कधीतरी नुसता लसूण घालून पाहावा लागेल. डंकन १९९७ ते २०१६ या काळात पोपोविच यांच्याखेरीज दुसऱ्या कोणत्याही व्यावसायिक प्रशिक्षकाच्या हाताखाली खेळला नाही. म्हणजे ‘पोपोविचविना डंकन’ हा प्रयोग कधी झालाच नाही. दोन कारणे सतत जोडीनेच हजर असतील, तर प्रत्येकाचा वाटा वेगळा काढण्याचे साधन त्या माहितीत नसते. संख्याशास्त्रातील ही जुनी अडचण आहे आणि सामन्यांची संख्या वाढवून ती सुटत नाही.

‘डंकनविना पोपोविच’ हा अर्धा प्रयोग मात्र झाला आहे. तोही बारकाईने पाहिला पाहिजे, कारण ते हंगाम चिठ्ठ्या टाकून निवडलेले नव्हते. डंकनच्या निवृत्तीनंतरच्या पहिल्याच हंगामात, म्हणजे २०१६-१७ मध्ये, कवाय लेनर्ड हा अव्वल खेळाडू संघात असताना स्पर्सने ८२ पैकी ६१ सामने जिंकले. पुढच्या हंगामात दुखापतीमुळे लेनर्ड अवघे नऊ सामने खेळला, तरीही ४७ विजय मिळाले. २०२२-२३ आणि २०२३-२४ या दोन्ही हंगामांत मात्र केवळ बावीस-बावीस विजय मिळाले. पण तेव्हा संघ जाणीवपूर्वक नव्याने बांधला जात होता आणि डेजॉन्टे मरेसारखा प्रमुख खेळाडू आधीच दुसऱ्या संघाकडे पाठवला गेला होता. या सगळ्यांची एकच सरासरी काढून तिला ‘डंकनविना पोपोविच’ असे नाव देणे म्हणजे सुगीची आणि दुष्काळाची वर्षे एकत्र करून शेतकऱ्याचे कसब मोजण्यासारखे आहे.

या बाबतीत सर्वांत बोलका पुरावा पोपोविच यांच्या आधीच्या काळातला आहे आणि वादात तो फारसा कोणी काढत नाही. १९८८-८९ मध्ये लॅरी ब्राउन या नामवंत प्रशिक्षकाच्या हाताखाली स्पर्सने २१ सामने जिंकले आणि ६१ गमावले. पुढच्या हंगामात डेव्हिड रॉबिन्सन हा उंचापुरा मध्यवर्ती खेळाडू नौदलातील सेवा पूर्ण करून संघात आला, इतरही काही बदल झाले, आणि त्याच ब्राउन यांच्या हाताखाली ५६ विजय व २६ पराभव अशी नोंद झाली. आठ वर्षांनंतर याच नाटकाचा दुसरा प्रयोग झाला. १९९६-९७ मध्ये रॉबिन्सन दुखापतीमुळे जवळजवळ पूर्ण हंगाम बाहेर राहिला आणि संघाला २० विजय मिळाले. पुढच्या वर्षी रॉबिन्सन परतला, डंकन आला, आणि पुन्हा नेमके ५६ विजय व २६ पराभव. दोन वेगळे प्रशिक्षक, पण उडी तीच. माझ्या मते १९९७-९८ मधील ३६ विजयांच्या वाढीचे श्रेय पोपोविच यांना देणे कठीण आहे.

त्या वाढीत सोडतीचाही हात होता. एनबीएमध्ये तळाच्या संघांना नव्या खेळाडूंच्या निवडीचा क्रम ठरवण्यासाठी सोडत काढली जाते. १९९७ मध्ये पहिला क्रमांक मिळण्याची स्पर्सची शक्यता साधारण २२ टक्के होती, तर बोस्टन सेल्टिक्सकडे दोन संधी असल्यामुळे त्यांची ३६ टक्क्यांच्या आसपास होती. चेंडू स्पर्सच्या बाजूने पडला आणि डंकन त्यांना मिळाला. तो बोस्टनच्या बाजूने पडला असता तर हा लेख बहुधा दुसऱ्याच कोणाविषयी लिहावा लागला असता. रॉबिन्सनही १९८७ च्या अशाच सोडतीत मिळाला होता आणि २०२३ मध्ये व्हिक्टर वेम्बान्यामाही तसाच मिळाला.

एका संघाच्या इतिहासातून हे कोडे सुटत नसेल, तर अनेक संघांकडे एकदम पाहणे हा संशोधकांचा मार्ग असतो. २००९ मध्ये डेव्हिड बेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एनबीएमधील ६२ प्रशिक्षकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एखादा खेळाडू एका प्रशिक्षकाकडून दुसऱ्याकडे गेला की त्याची कामगिरी बदलते का, हा त्यांचा प्रश्न होता, आणि बहुतेक प्रशिक्षकांच्या बाबतीत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. ही पद्धत आले-लसणाची गाठ सोडवते खरी, कारण तिच्यात खेळाडू हलतात. पण ज्या खेळाडूंनी कधी प्रशिक्षक बदललाच नाही त्यांच्याविषयी, म्हणजे डंकनसारख्यांविषयी, ती काहीच सांगू शकत नाही.

शिकागो विद्यापीठातील ख्रिस्तोफर बेरी आणि अँथनी फाउलर यांनी वेगळी आणि मला अधिक चतुर वाटणारी वाट निवडली. प्रशिक्षकांनुसार निकालांची विभागणी केली की काही ना काही फरक दिसणारच, कारण संघ नशिबानेही वरखाली होतच असतो. म्हणून त्यांनी प्रत्येक संघाच्या इतिहासातील प्रशिक्षकांच्या कारकिर्दी संगणकाकडून हजारो वेळा पत्त्यांसारख्या पिसून घेतल्या. अशा खोट्या क्रमातही जितका ‘प्रशिक्षकाचा परिणाम’ दिसतो तितका केवळ योगायोग समजायचा, आणि खऱ्या क्रमात त्याहून जास्त दिसेल तेवढाच खरा मानायचा. बास्केटबॉलसह अनेक खेळांची माहिती तपासून त्यांनी असा अंदाज मांडला की संघाच्या यशातील चढउताराचा साधारण २० ते ३० टक्के भाग प्रशिक्षकांमुळे असतो. म्हणजे चाहत्यांचे दोन्ही पक्ष निम्मेशिम्मे चुकतात. प्रशिक्षक महत्त्वाचा असतो, पण बहुतांश कारणे त्याच्या हाताबाहेर राहतात. अर्थात हा आकडा सर्व प्रशिक्षकांचा मिळून आहे. त्यातून एकट्या पोपोविच यांचे गुणपत्रक काढता येत नाही.

मैदानावर दिसणाऱ्या कृतींवरूनही प्रशिक्षकाची पारख होते आणि तेथे डोळे हमखास फसतात. पोपोविच यांची एक ओळख म्हणजे प्रतिस्पर्ध्याने लागोपाठ गुण मिळवायला सुरुवात करताच तडकाफडकी टाइम-आउट (खेळ थोडा वेळ थांबवण्याची सवलत) घेऊन खेळाडूंना खडसावणे. टाइम-आउटनंतर खेळ सावरतो, हे प्रेक्षकांना दिसतेही. पण लागोपाठ दहा-बारा गुणांची लाट हीच मुळात असाधारण घटना असते, आणि असाधारण घटनेनंतर बहुतेक वेळा साधारण काहीतरी घडते. फ्रान्सिस गाल्टन यांनी एकोणिसाव्या शतकात आईवडील आणि मुलांच्या उंचीचा अभ्यास करताना सरासरीकडे परतण्याची ही प्रवृत्ती दाखवून दिली होती. गिब्ज, एलमोर आणि फॉसडिक या संख्याशास्त्रज्ञांनी एनबीएमधील अशा लाटा तपासल्या. काही वेळा टाइम-आउट घेतला गेला होता, काही वेळा नव्हता. लाटेनंतर संघ बहुधा सावरतो हे खरे, पण टाइम-आउट घेतल्याने किंचित तोटाच होतो, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडावी, असा हा प्रकार आहे. (पोपोविच यांची सुरुवातही या नियमाचे उदाहरण ठरेल. डिसेंबर १९९६ मध्ये संघ १८ पैकी १५ सामने हरला असताना, व्यवस्थापक या नात्याने बॉब हिल यांना काढून ते स्वतः प्रशिक्षक झाले आणि उरलेल्या ६४ पैकी १७ सामने जिंकले. यशाचे प्रमाण १७ वरून २७ टक्क्यांवर गेले, पण याला कोणी सुधारणा म्हणत नाही आणि ते योग्यच आहे.)

टीकाकारांचा एक आवडता आक्षेप असा की पोपोविच यांना सलग दोन वर्षे अजिंक्यपद कधीच राखता आले नाही, म्हणून ते श्रेष्ठ ठरत नाहीत. हा आक्षेप कागद-पेन्सिलीने तपासता येतो. १९९७-९८ ते २०१६-१७ या वीस हंगामांत पाच अजिंक्यपदे केवळ नशिबाने विखुरली आहेत असे समजू. वीसांतून पाच वर्षे निवडण्याचे १५,५०४ प्रकार आहेत. त्यांपैकी ज्यांत कोणतीही दोन वर्षे लागोपाठ येत नाहीत असे प्रकार ४,३६८ आहेत, म्हणजे सुमारे २८ टक्के. तब्बल चारात एकाहून अधिक वेळा जे आपोआप घडेल, त्यावरून एखाद्याच्या स्वभावात ‘पुन्हा जिंकण्याची भूक नाही’ असे निदान करणे धाडसाचे आहे. प्रशिक्षक म्हणून अकरा अजिंक्यपदे मिळवणाऱ्या फिल जॅक्सन यांच्याशी तुलना करताना हे विशेष लक्षात ठेवायला हवे. जॅक्सन यांच्यावरही मायकेल जॉर्डनमुळे जिंकल्याचा आरोप होतो, पण १९९३-९४ मध्ये जॉर्डन निवृत्त झालेला असताना त्यांच्या शिकागो बुल्सने ५५ सामने जिंकले होते; त्याआधी जॉर्डनसह ५७.

सर्वांत कडू वाद २०१३ च्या अंतिम मालिकेतील सहाव्या सामन्याचा. मायामी हीटविरुद्ध स्पर्स ९५-९२ असे पुढे होते, अजिंक्यपद काही सेकंदांवर आले होते, आणि तीन गुणांच्या फेकीवर सर्वांना धावून जाता यावे म्हणून पोपोविच यांनी डंकनला बाहेर बसवले. मायामीच्या लेब्रॉन जेम्सची फेक चुकली. पण उसळलेला चेंडू पकडायला डंकन नव्हता. तो मायामीच्याच ख्रिस बॉशने पकडून रे ॲलनकडे दिला आणि ५.२ सेकंद उरले असताना ॲलनने बरोबरी साधली. जादा वेळेत स्पर्स १०३-१०० असे हरले आणि पुढे मालिकाही गमावली. निकाल वाईट लागला म्हणून निर्णय वाईट ठरवण्याच्या या खोडीला मानसशास्त्रात परिणामाचा पूर्वग्रह म्हणतात. तीन गुणांची आघाडी असताना तीन गुणांची फेक रोखणे हेच पहिले काम असते आणि पहिली फेक चुकलीही होती. त्याआधी अखेरच्या अर्ध्या मिनिटात स्पर्सच्या जिनोबिली आणि लेनर्ड यांनी प्रत्येकी एक फ्री थ्रो (एका गुणाची मोकळी फेक) वाया घालवला होता. त्यांतला एक जरी आत गेला असता तरी ॲलनच्या त्या फेकीने बरोबरी झाली नसती आणि डंकन कोठे बसला होता याची चर्चा आज कोणी केली नसती.

पोपोविच यांच्या बाजूचा पुरावा मला पुढच्या हंगामात अधिक ठोस दिसतो. २०१३-१४ मध्ये स्पर्सने साखळीत सर्वाधिक, म्हणजे ६२, सामने जिंकले आणि तरीही त्यांचा एकही खेळाडू सरासरी तीस मिनिटे मैदानात नव्हता. सामना अठ्ठेचाळीस मिनिटांचा असतो. अंतिम मालिकेत त्याच मायामीला त्यांनी ४-१ असे हरवले, तेही सरासरी १४ गुणांच्या फरकाने. कोणाला किती वेळ खेळवायचे, हे पूर्णपणे प्रशिक्षकाच्या हातात असते. नोव्हेंबर २०१२ मध्ये डंकन, पार्कर, जिनोबिली आणि ग्रीन या चौघांना विश्रांतीसाठी सामन्याआधीच घरी पाठवल्याबद्दल एनबीएने स्पर्सला अडीच लाख डॉलरचा दंड केला होता. पुढे इतर संघांनीही हीच वाट धरल्यावर विश्रांतीविषयी नियम करण्याची वेळ साखळीवर आली. शिवाय २००७ पर्यंत संथ गतीने आणि बचावाच्या जोरावर जिंकणारा हा संघ २०१४ मध्ये झपाट्याने चेंडू फिरवत जिंकत होता आणि डंकन तेव्हा अडतीस वर्षांचा होता. अर्थात येथेही वाटेकरी आहेतच. नव्या खेळाडूंच्या निवडीत जिनोबिलीला सत्तावन्नाव्या आणि पार्करला अठ्ठाविसाव्या क्रमांकावर हेरणारे आर. सी. ब्यूफोर्ड आणि त्यांचे सहकारी, किंवा लेनर्डची फेक घडवणारे चिप एंगलंड, यांचे काम ‘पोपोविच’ या एका नावाखाली मोजले जाते.

मे २०२५ मध्ये पोपोविच यांनी प्रशिक्षकपद सोडले आणि मिच जॉन्सन त्यांच्या जागी आले. वेम्बान्यामा तोच, संघ बराचसा तोच आणि प्रशिक्षक नवा, असा हवा होता तो प्रयोग आता तरी सुरू झाला, असे वाटू शकते. परंतु पोपोविच घरी गेलेले नाहीत. ते संघाच्या बास्केटबॉल विभागाचे पूर्णवेळ अध्यक्ष झाले आहेत, म्हणजे खेळाडू निवडणाऱ्यांच्या वर बसले आहेत, आणि जॉन्सन हेही त्यांच्याच हाताखाली तयार झालेले आहेत.